स्मोकरवरचं काळं: ते नेमकं काय असतं आणि घासून का निघत नाही

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पाठोपाठ महापालिकेच्या नोटिसा तंदूरवाल्या हॉटेलांपर्यंतही पोहोचल्या. गॅसवरच्या तंदुरीला ती जुनी चव येईल का, यावर तेव्हापासून पुष्कळ वाद घालून झालेत. गंमत अशी की हॉटेलातला कोळसा निघायच्या वाटेवर असताना हौशी मंडळींच्या गच्च्यांवर आणि कर्जत-अलिबागच्या फार्महाऊसवर तोच कोळसा स्मोकरच्या, म्हणजे धुरावर मंद आचेनं मांस शिजवायच्या झाकणबंद डब्याच्या, रूपानं येऊन बसलाय.

पहिल्या काही मेजवान्या झकास होतात. मग एके दिवशी झाकण उघडावं तर आतून काळे पापुद्रे सुटून थेट चिकनवर पडतात. जाळीला हात लावला की बोटं चिकटतात. घासणीनं घासलं तर घासणी काळी होते, जाळी मात्र आहे तशीच. विचारायला गेलं की कुणी व्हिनेगर आणि सोडा सांगतं, कुणी लिंबू-मीठ. कुणी म्हणतं कॉस्टिक ओता, आणि कुणी तरी हमखास सांगतं की काही करू नका, त्यातच चव आहे. यातलं प्रत्येक उत्तर कुठे ना कुठे लागू पडतं. चुकीच्या ठिकाणी वापरलं तर मात्र जाळी तरी जाते, नाहीतर हाताची कातडी.

म्हणून आधी हे काळं आहे तरी काय, ते बघू.

तंदूर स्वतःला साफ करतो, स्मोकर करत नाही

तंदूर पेटून तापला की त्याची आतली मातीची भिंत ४०० अंशांच्या पुढे जाते. (या लेखातले सगळे अंश सेल्सिअस.) त्या भिंतीवर चरबीचा थेंब उडाला तर तो तिथेच जळून जातो आणि मागे चिमूटभर राख उरते. म्हणून तंदूर आतून कुणी साबणानं धूत नाही, धुवावाही लागत नाही. मोहम्मद अली रोडवर रमजानात निखाऱ्यांच्या थेट वर फिरणाऱ्या सीखांचंही तसंच. तिथल्या आगीची धग इतकी असते की लोखंडावर चिकटलेलं बरंचसं आपोआप जळून झडतं.

स्मोकरचं तंत्र याच्या नेमकं उलट आहे. तो एक झाकणबंद डबा. आग एका बाजूला किंवा तळाशी, मांस तिच्यापासून लांब, आणि मधून धूर फिरत राहतो. आतलं तापमान मुद्दाम १०५ ते १३५ अंशांच्या आसपास ठेवतात. टेक्सासमध्ये ब्रिस्केट, म्हणजे गुरांच्या छातीचं जाड मांस, असं दहा-बारा तास धुरात ठेवतात आणि ते चमच्यानं तुटेल इतकं मऊ होतं. आपल्याकडे बहुतेक वेळा चिकन किंवा पोर्क असतं, तास कमी लागतात, पण पद्धत तीच.

सगळी अडचण या तापमानात आहे. चरबी वितळायला, उडायला, हवेशी अभिक्रिया करायला ते पुरेसं आहे. जळून राख व्हायला ते फारच कमी. त्यामुळे जे उडतं ते साठत जातं आणि दर वेळी थोडं थोडं शिजत राहतं.

काळं एक नाही, तीन आहेत

वरून बघता सगळं काळंच. पण जाळीवरचं, झाकणाच्या आतलं आणि तळाच्या ताटातलं काळं ही वेगवेगळी द्रव्यं आहेत, आणि एकाला चालणारा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

पहिलं म्हणजे तेलाचं वार्निश. चरबी आणि तेलाचे रेणू तापले आणि त्यांना हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात. अशा जोडल्या गेलेल्या अतिप्रचंड रेणूला पॉलिमर म्हणतात. प्लास्टिक हे पॉलिमरच, आणि तैलरंग वाळून कडक होतो तोही याच क्रियेनं. म्हणून तर रंगात जवसाचं तेल घालतात. जाळीवरचा तपकिरी, आधी चिकट आणि नंतर काचेसारखा कडक होणारा थर तो हाच. वडापावच्या गाडीवरच्या कढईला बाहेरून जे जाडजूड कवच चढलेलं असतं, त्यातही मुख्य माल हाच असतो.

सगळी तेलं सारखी जोडली जात नाहीत. सोयाबीन, सूर्यफूल, जवस ही पटकन थर धरतात. खोबरेल जवळजवळ धरतच नाही, कारण त्याच्या रेणूंमध्ये जोडणीला लागणाऱ्या मोकळ्या जागा फार कमी असतात. कोंबडीची चरबी मटणाच्या चरबीपेक्षा लवकर चिकट होते, त्याचंही कारण हेच.

दुसरं काळं धुराचं. लाकूड तापलं की त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, फुटतं आणि धुरात फेनॉल जातीची अनेक रसायनं येतात. स्मोक केलेल्या मांसाचा वास यांचाच. पण लाकूड नीट पेटलं नाही, धुमसत राहिलं, तर अर्धवट जळलेला डांबरासारखा भाग धुराबरोबर वर जातो आणि गार झाकणावर दवासारखा जमतो. याला क्रियोसोट म्हणतात. ओला असताना चकचकीत, वाळला की पापुद्रे. चिकनवर पडले ते हेच. अनेकांना वाटतं, झाकणाचा रंग उडतोय. बहुतेक स्मोकरना आतून रंग दिलेलाच नसतो, तेव्हा तो उडणार कुठून!

इथे मुंबईकरांना एक जास्तीचा त्रास आहे. जून ते सप्टेंबर इथलं लाकूड कधीच पुरतं कोरडं नसतं. ओल्या लाकडातली बरीचशी उष्णता पाणी उकळण्यात जाते, आग मंदावते आणि दाट पांढरा धूर येतो. त्या धुरात डांबराचा भाग जास्त. धुराड्यातून पातळ, निळसर, दिसेल-न-दिसेल असा धूर येत असेल तर आग ठीक आहे. पांढरे लोट निघत असतील तर झडप उघडून हवा द्या. दिसायला लोट भारी वाटतात, पण मांस कडवट होतं आणि झाकणाला नवा थर चढतो. पावसाळ्यात लाकडाचे तुकडे आदल्या दिवशी घरात पंख्याखाली पसरून ठेवावेत, किंवा आगीच्या पेटीवर आधी तापवून मग घालावेत.

तिसरं काळं म्हणजे निव्वळ कोळसा. दही, बेसन, मध, सॉस यांतली प्रथिनं आणि साखर तापत गेली की त्यांतलं पाणी निघून जातं आणि शेवटी कार्बन उरतो. साधी साखर करपायला १६० अंशांच्या पुढे जावं लागतं. मधातल्या फळसाखरेचं रूप मात्र ११० अंशांच्या आसपासच पालटू लागतं, म्हणून मध किंवा गोड सॉस लावलेलं मांस स्मोकरच्या मंद आचेवरसुद्धा जाळीला चिकटतं. गोड लेप शेवटच्या अर्ध्या तासात लावला तर जाळीचं अर्धं काम वाचतं.

प्रत्यक्षात हे तिन्ही एकत्र असतात. कार्बनचे कण, त्यांना धरून ठेवणारं तेलाचं वार्निश आणि वरून धुराच्या डांबराचा हात.

साबण इथे का हरतो

साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला. ताटाला लागलेलं तूप सुटं असतं, साबण त्याचे बारीक थेंब करतो आणि पाणी ते वाहून नेतं. जाळीवर आता सुटं तेल उरलेलंच नाही. ओलं सिमेंट बादलीभर पाण्यानं धुऊन जातं, पण तेच घट्ट झालं की वर टाकीभर पाणी ओता, काही होत नाही. त्याला छिन्नीच लागते. जाळीवरचं तेल असंच घट्ट झालेलं आहे. साबण कितीही महागाचा आणला तरी त्याचं काम सुटं तेल उचलणं एवढंच.

यातून निघणारी सर्वांत उपयोगी गोष्ट अगदी साधी आहे. त्या दिवशीचं तेल त्या दिवशी सुटं असतं. जेवण वाढून झालं की जाळी कोमट असतानाच पुसली, तर साबण पुरतो. पुढच्या शनिवारी तेच तेल पुन्हा तापलं की ते वार्निश झालेलं असेल.

मग चालतं काय? अल्क

खायचा सोडा, धुण्याचा सोडा, चुना, कॉस्टिक हे सगळे अल्क, म्हणजे आम्लाच्या विरुद्ध स्वभावाचे पदार्थ. तेलाच्या रेणूतले काही सांधे अल्क तोडतो आणि त्यातून चक्क साबण बनतो. साबणाच्या कारखान्यात हेच तर करतात. घट्ट झालेल्या तेलातही ते सांधे शिल्लक असतात, त्यामुळे अल्कात जाळी भिजवली की थर आतून तुटू लागतो. भिजवलेलं पाणी सकाळी ढवळल्यावर साबण न घालताही थोडा फेस आला, तर समजावं की जाळीवरच्या चरबीचाच साबण झालाय.

धुराचं डांबरही अल्काला बरंच बधतं, कारण फेनॉल स्वभावानं किंचित आम्ल असतात. कार्बनला मात्र अल्काचं काही देणंघेणं नाही. स्वयंपाकघरातल्या कशातच तो विरघळत नाही. पण त्याला धरून ठेवणारं वार्निश सुटलं की तो आपोआप खाली पडतो.

प्रश्न उरतो जोराचा. अल्काची ताकद पीएच या मापानं सांगतात: शुद्ध पाण्याचा ७, आणि पुढच्या प्रत्येक अंकाला ताकद दहापट. खायच्या सोड्याचं द्रावण ८ च्या थोडं पुढे, धुण्याच्या सोड्याचं सुमारे ११, कॉस्टिक सोड्याचं १३ ते १४. म्हणजे पहिल्या दोघांतच शेकडो पटींचा फरक पडतो. खायच्या सोड्याची पेस्ट लावून जे निघतं त्याचं श्रेय बव्हंशी सोड्याच्या बारीक कणांनी होणाऱ्या घर्षणाला आहे.

माझं मत विचाराल तर घरच्या कामाला धुण्याचा सोडा हाच खरा. तो स्वस्त आहे, किराणा दुकानात मिळतो, आणि काम जमण्याइतका तिखट असूनही कॉस्टिकसारखा डोळा घेत नाही. स्टीलच्या किंवा बिडाच्या जाळीसाठी कढत पाणी घ्यावं, दर लिटरला दोन-तीन मोठे चमचे सोडा आणि थोडं भांड्यांचं लिक्विड घालावं, आणि रात्रभर भिजवावं. हातमोजे घालायचेच. पाणी गरम हवं, कारण उष्णतेनं ही क्रिया कितीतरी वेगानं होते; गार पाण्यात तोच सोडा आळशासारखा वागतो. जाळी मोठी असेल आणि टबात मावत नसेल, तर सोड्याच्या पाण्यात बुडवलेली जुनी चादर तिच्याभोवती गुंडाळून सगळं कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत बांधून ठेवावं. वाळू दिलं नाही की काम होतं.

धुण्याचा सोडा मिळालाच नाही तर खायचा सोडा ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवला की त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि मागे धुण्याचा सोडाच उरतो. वजन एक तृतीयांशापेक्षा थोडं जास्तच घटतं. ताट मात्र अॅल्युमिनियमचं नको.

आज्या राखेनं भांडी घासायच्या त्यामागेही हेच रसायन आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे धुण्याच्या सोड्याचा सख्खा भाऊ. राख घासायचीही आणि तेल तोडायचीही.

पण व्हिनेगर-सोड्याचा तो फेस?

व्हिडिओत तो फार छान दिसतो. सोडा भुरभुरा, वर व्हिनेगर ओता, फसफस वर येते आणि बघणाऱ्याला वाटतं, घाण उकलतेय. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात. उरतं ते थोडं मीठ विरघळलेलं पाणी, सोडियम अॅसिटेट नावाचं, आणि उडून जातो तो कार्बन डायऑक्साइड. सोडा वाया, व्हिनेगरही वाया. ज्यांची जाळी अशी साफ झाली त्यांनी नंतर जोरात घासलेलंही असतं.

आम्लाचं काम वेगळं आहे. लिंबू, चिंच, व्हिनेगर हे गंज आणि पाण्याचे पांढरे डाग काढतात, तांब्या-पितळेला उजळवतात. तेलाचं वार्निश यांना दाद देत नाही. अल्कानं काळं निघाल्यावर खाली गंज दिसला, तर जाळी नीट धुऊन मग आम्ल वापरावं. एकामागून एक, एकत्र नाही.

आणि बाथरूमचा ब्लीच या कामात अजिबात आणू नये. तो काळ्याला काही करत नाही, स्टीलला बारीक खड्डे पाडतो, आणि चुकून व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळला तर क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत हा वायू जीवघेणा ठरू शकतो.

जाळूनच टाकलं तर?

तंदूरचं आत्ताच बघितलं, तेव्हा हा प्रश्न रास्त आहे. परदेशात काही ओव्हन याच तत्त्वावर स्वतःला साफ करतात: दार कुलूपबंद होतं, आत ४८० ते ५०० अंश तापतं, आणि सगळ्याची राख होते. कोळशाच्या उघड्या सिगडीची बिडाची किंवा जाड स्टीलची जाळी निखाऱ्यांवर धरून काळं जाळता येतं आणि ते चांगलं जमतं.

पण आख्खा स्मोकर असा पेटवायला जाऊ नये. त्याच्या तळाशी आणि ताटात चरबी साठलेली असते आणि ती पेटली की थांबवणं अवघड. त्यावर पाणी मारलं तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळती चरबी चहूकडे उडते. झाकण लावायचं, सगळ्या झडपा बंद करायच्या आणि लांब उभं राहायचं, एवढंच आपल्या हातात असतं. सोसायटीच्या गच्चीवर हा प्रयोग करणाऱ्याला शेजारी काय म्हणतील ते वेगळंच. आधी ताट रिकामं करून, सैल काळं खरवडून, मग रिकामा स्मोकर झडपा उघड्या ठेवून तासभर जरा चढ्या आचेवर चालवला तर ओलं क्रियोसोट वाळतं आणि खरवडायला सोपं होतं. तेवढं पुरे.

क्रोमचा मुलामा दिलेली जाळी जास्त तापली की मुलामा निघतो. इनॅमलचा काचेसारखा लेप असलेली जाळी तापलेली असताना तिच्यावर गार पाणी पडलं तर तडकते. नॉनस्टिक लेप २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो आणि त्याच्या वाफांनी पिंजऱ्यातले पक्षी मरू शकतात. यांना आगीची सफाई नाही.

हात लावण्याआधी धातू ओळखा

नुकसान सर्वांत जास्त इथेच होतं. अॅल्युमिनियमचा भाग हलका, राखाडी असतो आणि त्याला चुंबक चिकटत नाही. चरबी झेलायचं ताट पुष्कळदा याचंच असतं. कॉस्टिक यावर पडला की तो अॅल्युमिनियमच खाऊ लागतो, बुडबुडे येतात आणि ते बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणजे पेट घेणाऱ्या वायूचे असतात. धुण्याच्या सोड्यानंही अॅल्युमिनियम काळवंडतं. त्याला साबण, गरम पाणी आणि सबुरी. किंवा ताटाला आधीच फॉइल लावावी आणि नंतर ती फेकून द्यावी. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यालाही हेच लागू. तो आम्ल आणि अल्क दोघांनाही घाबरतो.

स्टेनलेस स्टील रसायनांना चिवट असतं. पण वरळी-वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत त्यावर तपकिरी ठिपके येतात आणि साध्या लोखंडी घासणीनं ते वाढतात, कारण घासणीचे बारीक कण स्टीलमध्ये रुतून तिथे गंजतात. स्टेनलेसचीच घासणी किंवा नारळाचा काथ्या वापरावा. बीड आणि साधं लोखंड यांना अल्क चालतो, पण तो तवा मुरवल्यासारखा जो गुळगुळीत थर असतो तोही काढून नेतो. मुंबईच्या दमट हवेत उघडं पडलेलं बीड तासाभरात तांबूस होतं. म्हणून धुतल्याबरोबर आचेवर कोरडं करायचं, पुसटसं तेल लावायचं आणि पुन्हा तापवायचं. तेल सोयाबीन किंवा जवसाचं घ्या. खोबरेल का नको, ते वर आलंच आहे. थर्मामीटरची दांडी कधी भिजवू नये, ओल्या फडक्यानं पुसावी. तिच्यावर काळं साठलं की ती तापमान उशिरा दाखवते, आणि दहा-बारा तासांच्या कामात तो घोटाळा महाग पडतो.

तारेचा ब्रश वापरणार असाल तर तो नीट बघा. त्याचा एखादा सुटा केस जाळीला चिकटून खाण्यात जातो आणि घशात किंवा आतड्यात रुततो. अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं, २०१२ साली अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. काहींवर शस्त्रक्रिया करावी लागली. लाकडी उलथनं, पत्र्याची खरवडणी किंवा डोसेवाला तव्यावर फिरवतो तसा काट्याला टोचलेला अर्धा कांदा गरम जाळीवर फिरवणं बरं. कांद्यात जादू नाही. त्याचा रस उकळून सैल कण उचलतो आणि केस गळायचा प्रश्न येत नाही.

“ते काळं म्हणजेच तर चव!”

हा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळेच टिकून आहे. जाळीवरचा पातळ, कोरडा, गुळगुळीत काळा थर ठेवावाच. तो लोखंडाला गंजापासून वाचवतो आणि मांस चिकटू देत नाही. स्मोकरच्या भिंतींना आतून असा थर असणंही चांगलं. त्या चकचकीत करायच्या मागे लागणारे लोक श्रम वाया घालवतात आणि वर गंज ओढवून घेतात.

चव मात्र त्यातून येत नाही. ती त्या दिवशीच्या ताज्या धुरातून येते. जुनं क्रियोसोट पुन्हा तापलं की देतं ते कडवटपणा आणि जिभेला येणारा किंचित बधिरपणा. नख लावून बघायचं: नखाला काही लागलं नाही तर तो थर ठेवा. चिकटलं, सोललं गेलं किंवा भुगा पडला तर काढा.

तब्येतीची बाजूही आहे. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यचिकित्सकानं धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. कामामुळे होणाऱ्या कर्करोगाची ती सुरुवातीची नोंद. काजळीतल्या ज्या द्रव्यांकडे नंतर बोट दाखवलं गेलं त्यांपैकी बेंझोपायरीन हे आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे पक्कं ठरलेल्या यादीत आहे. चरबी निखाऱ्यावर पडून उठणाऱ्या धुरातही ते असतं. महिन्यातून एकदा स्मोक केलेलं चिकन खाणाऱ्यानं धास्तावण्याचं कारण नाही. पण जुने पापुद्रे मांसाबरोबर खाण्यातही काही शहाणपण नाही, आणि झाकण खरवडताना नाकाला फडकं हवं.

“तापवलं की जंतू मरतातच, मग धुवायचं कशाला?”

कोरड्या हवेच्या गावात हा युक्तिवाद चालून जाईल. मुंबईत जुलैमध्ये चरबी लागलेला स्मोकर झाकण लावून, वर प्लास्टिकचं आवरण घालून ठेवला, की उघडल्यावर आत हिरवी-पांढरी लव दिसणार. तापवल्यावर बुरशी मरते. पण काही बुरशींची विषं स्वयंपाकाच्या तापमानाला दाद देत नाहीत आणि मेलेली बुरशी जाळीवरच राहते. अशा वेळी आधी रिकामा तापवायचा, मग सैल काळं सगळं खरवडून फेकायचं, जाळ्या सोड्याच्या पाण्यात टाकायच्या, आणि त्यानंतरच स्वयंपाक. ठेवताना झडपा थोड्या उघड्या ठेवाव्यात.

राखही आत ठेवू नये. राखेला दमट हवा लागली की तिचा अल्कयुक्त, चिखलासारखा लगदा होतो आणि तळाचा पत्रा त्याखाली गंजून जातो. कोळशाच्या स्मोकरचा तळ आधी जातो तो बहुधा यामुळे.

काढलेलं काळं जातं कुठे

ताटातली चरबी गरम पाण्याबरोबर सिंकमध्ये ओतू नये. पाइपात ती गार होते, थिजते, आणि तळमजल्यावरच्या चेंबरमध्ये कुणाच्या तरी डोक्याला ताप होते. थिजू द्यावी, वर्तमानपत्रात गुंडाळावी, कचऱ्यात टाकावी. सोड्याचं वापरलेलं पाणी भरपूर साध्या पाण्याबरोबर सोडलं तर चालतं. कुंडीत मात्र ओतू नका, झाड मरेल.

हे काम घरात नक्की करणार कोण, तेही आधी ठरवा. बऱ्याच घरांत रविवारची मजा झाल्यावर जाळी सोमवारी भांडी घासणाऱ्या ताईंच्या पुढ्यात येते, सोबत ओव्हन क्लीनरचा डबा आणि “जरा हे पण बघा” एवढीच सूचना. त्या फवाऱ्यांपैकी अनेकांत कॉस्टिक असतं. इंग्रजीतली बारीक अक्षरं त्यांना कुणी वाचून दाखवत नाही आणि हातमोजे घरात नसतात. कॉस्टिक असलेलं काहीही वापरायचं असेल तर ते स्वतः वापरावं, उघड्या हवेत, लांब हातमोजे आणि चष्मा घालून, आणि जाळी धुऊन झाल्यावरच पुढे सरकवावी. सुट्टा कॉस्टिक घ्यावा लागलाच तर पाण्यात कॉस्टिक थोडा थोडा टाकायचा. कॉस्टिकवर पाणी ओतलं तर ते उकळून तोंडावर उडतं. उरलेलं द्रावण पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून कधीही ठेवू नका. लहान मुलं ते पितात आणि अन्ननलिका जन्मभरासाठी जाते. कातडीवर किंवा डोळ्यात गेलं तर निदान पंधरा-वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धुवावं. वर लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये. पोटात गेलं असेल तर उलटी काढायला लावू नका, कारण वर येताना ते दुसऱ्यांदा भाजतं. तोंड पाण्यानं धुवा आणि क्लीनरचा डबा बरोबर घेऊन तडक हॉस्पिटल गाठा.